इंधन संपलेलं बोइंग आणि दोन गणितं: गिमलीचं प्रकरण

‘ग्लाइड’ हे इंग्रजी क्रियापद शाळेत आपल्याला हंसाबरोबर भेटतं. हंस तळ्यात ग्लाइड करतो, बर्फावर स्केटिंग करणारी मुलगी ग्लाइड करते, शिडाची नाव ग्लाइड करते. आवाज न करता, कुठेही न अडखळता, सहज पुढे सरकणं असा अर्थ गाइडमध्ये दिलेला असतो आणि तो बरोबरच आहे. भाषाशास्त्रात ‘य’ आणि ‘व’ या ध्वनींनाही ग्लाइड म्हणतात, कारण तिथे उच्चार एका स्वराकडून दुसऱ्या स्वराकडे न थांबता सरकतो. पण विमान उडवणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द आला की त्याचा अर्थ एकदम आवळला जातो. इंजिनाच्या जोराशिवाय उडणं, बस. त्यात सहजपणा असेल किंवा नसेल, उंची मात्र हमखास कमी होत जाते. दुपारच्या उन्हात पंख न हलवता गोल गोल वर चढणाऱ्या घारीला इंग्रजीत ‘सोअर’ लावतात, ‘ग्लाइड’ नाही. तिला तापलेली हवा वर उचलत असते. तीच घार ती हवा सोडून लांबच्या झाडाच्या दिशेनं तिरकी उतरू लागली, की मग ती ग्लाइड करते.

या क्रियापदाचा विमानांच्या जगातला सगळ्यात गाजलेला वापर कॅनडातला आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाची १४३ क्रमांकाची फ्लाइट मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाली होती. विमान बोइंग ७६७, जेमतेम काही महिन्यांचं. आत ६१ प्रवासी आणि ८ कर्मचारी. अर्ध्या वाटेत, ४१,००० फुटांवर, इंधन संपत आलं. थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली आणि ऐंशी टनांहून जड असं ते धूड ग्लाइड करत मॅनिटोबा प्रांतातल्या गिमली या छोट्या गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं. इंधन संपल्यापासून विमान थांबेपर्यंत सतरा मिनिटं गेली. कोणी दगावलं नाही. ‘गिमली ग्लायडर’ हे नाव त्या विमानाला तेव्हापासून चिकटलं ते कायमचं.

ही गोष्ट बहुतेक वेळा शूर वैमानिकाची गोष्ट म्हणून सांगतात. त्यात खोटं काही नाही. मला मात्र या प्रकरणात जास्त रस आहे तो दोन गणितांत. पहिलं गणित जमिनीवर झालं. हातात कागद-पेन होतं, भोवती कामातली अनुभवी माणसं होती, पायाखाली घट्ट सिमेंट होतं. ते चुकलं. दुसरं आकाशात झालं, काळ्या पडलेल्या कॉकपिटमध्ये, हाताशी दोनच आकडे असताना. ते बरोबर आलं. टाळ्या दुसऱ्याला मिळाल्या, आणि मिळायलाच हव्या होत्या. पण प्रकरण म्हणून उलगडून पाहण्यासारखं पहिल्यात जास्त आहे.

कोरे आकडे

७६७ मध्ये टाक्यांतलं इंधन मोजणाऱ्या यंत्रणेला दोन स्वतंत्र चॅनल होते. एक बिघडला तर दुसऱ्यानं काम सांभाळायचं, अशी योजना. या विमानातल्या एका चॅनलमध्ये सोल्डरिंगचा एक सांधा कच्चा राहिला होता. आपल्याकडचे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे त्याला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. तो चॅनल पुरता मेला असता तर यंत्रणेनं आपण होऊन दुसरा धरला असता. पण कच्च्या सांध्यातून थोडी वीज जात राहिली. चॅनल ना धड चालू, ना धड बंद. यंत्रणेला दुसरीकडे वळायची वेळ आली हे कळेना आणि कॉकपिटमधले इंधनाचे आकडे सगळेच कोरे व्हायचे.

एडमंटनमधल्या एका तंत्रज्ञानं यावर चांगली युक्ती काढली. त्यानं बिघडलेल्या चॅनलचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवला. तो चॅनल पुरता बंद झाल्याबरोबर दुसरा कामाला लागला आणि आकडे दिसू लागले. ब्रेकरवर त्यानं खुणेची पट्टी चिकटवली, लॉगबुकात नोंद केली. नवीन भाग मिळेपर्यंत भागण्यासारखं होतं, आणि त्या अवस्थेत विमान मॉन्ट्रियलला व्यवस्थित पोचलंही.

मॉन्ट्रियलला दुसऱ्या तंत्रज्ञानं ती नोंद वाचली. ती त्याला नीट उलगडेना, तेव्हा स्वतःच तपासून बघू म्हणून त्यानं ब्रेकर परत आत दाबला. आकडे कोरे झाले. तेवढ्यात इंधन भरायचं काम निघालं, त्याला तिकडे जावं लागलं, आणि ब्रेकर पुन्हा बाहेर ओढायचा राहून गेला. खुणेची पट्टी जागच्या जागी. नंतर पाहणाऱ्याला पट्टी दिसणार आणि ब्रेकर ओढलेलाच आहे असं वाटणार.

कॅप्टन बॉब पिअर्सन ड्युटीवर आले तेव्हा विमान घेऊन आलेल्या कॅप्टनशी त्यांचं जाता जाता बोलणं झालं. इंधनाच्या यंत्रणेत बिघाड आहे, असं त्यांना कळलं. पिअर्सन समजले ते असं, की आधीची फ्लाइटसुद्धा कोऱ्या आकड्यांवरच आली. कॉकपिटमध्ये येऊन पाहतात तर आकडे खरोखर कोरे. जे ऐकलं तेच डोळ्यांना दिसलं, मग शंका यायची कुठून?

कुठलं उपकरण बंद असताना उडता येतं आणि कुठलं बंद असताना नाही, याची एक अधिकृत यादी प्रत्येक विमानाला असते. त्या यादीप्रमाणे इंधनाचे सगळेच आकडे कोरे असताना उड्डाणाला मनाई होती. पण ७६७ नवीन होतं, यादीत सारख्या दुरुस्त्या चालू होत्या, आणि देखभाल विभागानं विमान मोकळं केलंय असा सगळ्यांचा समज. कागदावरच्या यादीपेक्षा देखभालवाल्यांच्या शब्दाला जास्त वजन असायची सवय झालेली. पिअर्सन यांनी विमान ताब्यात घेतलं. वैमानिकांकडे बोट दाखवायचंच असेल तर माझ्या मते ते इथे दाखवावं. पुढच्या गुणाकाराचं ओझं एकट्या त्यांचं नाही.

१.७७

आकडे नाहीत म्हणजे इंधन हातानं मोजणं आलं. पंखांखालून मोजपट्टी काढून टाक्यांची पातळी पाहिली: एकीत ६२ सेंटिमीटर, दुसरीत ६४. तक्त्यात पाहून त्याचे लिटर केले: ३,७५८ आणि ३,९२४. बेरीज ७,६८२ लिटर. इथपर्यंत सगळं चोख.

एडमंटनपर्यंत जायला हवं होतं २२,३०० किलो. इंधन भरणारा लिटर मोजतो आणि वैमानिक किलो मोजतो, ही विमानतळावरची रोजची गोष्ट. विमानाला उचलावं लागतं ते वजन. शिवाय उन्हात लिटर फुगतो, थंडीत आक्रसतो. किलो तसा बदलत नाही. म्हणून लिटरचे किलो करायला एका लिटरचं वजन किती हा गुणक लागतो. भरणाऱ्यांच्या पावतीवर तो तयारच होता. विशिष्ट गुरुत्व: १.७७. पुढे किलो नाही, पौंड नाही, काही नाही.

कॅनडा त्या काळात इंच-पौंड सोडून मेट्रिककडे चालला होता. एअर कॅनडाच्या ताफ्यात ७६७ हे किलोवर चालणारं पहिलं विमान. बाकीच्या विमानांचं इंधन पौंडात मोजलं जायचं, आणि त्यांच्यासाठी १.७७ हा आकडा अगदी योग्य होता, कारण एका लिटर इंधनाचं वजन तेवढे पौंड भरतं. किलो हवे असतील तर गुणक साधारण ०.८ येतो. पण वर्षानुवर्षं हाताखालून गेलेला आकडा माणूस वाचत नाही, नुसता उचलतो.

आता हिशेब बघा. ७,६८२ गुणिले १.७७ बरोबर १३,५९७. हे किलो धरले. २२,३०० मधून वजा केले, उरले ८,७०३. त्यांचे परत लिटर करायला १.७७ नं भागलं: ४,९१६. तेवढे लिटर भरले आणि टाकीची झाकणं लागली.

खरा हिशेब असा होता. ७,६८२ गुणिले ०.८०३ बरोबर ६,१६९ किलो. कमी पडत होते १६,१३१ किलो, म्हणजे २०,०८८ लिटर. भरलं त्याच्या चौपट भरायला हवं होतं. विमान निघालं तेव्हा त्याच्या पोटात २२,३०० होते खरे, पण पौंड. किलोत सांगायचं तर दहा हजारांच्या थोडं वर, गरजेच्या निम्म्याहून कमी.

या गुणाकारातली एक गोष्ट मला राहून राहून खटकते. जेट विमानाचं इंधन म्हणजे मूळचं रॉकेलच. रॉकेल पाण्यावर तरंगतं, हे ज्या घरात कंदील किंवा स्टोव्ह होता त्या घरातल्या पोरालाही ठाऊक असायचं. पाणी लिटरला एक किलो; त्याच्यावर तरंगणारी चीज लिटरला पावणेदोन किलो भरेल कशी? ‘विशिष्ट गुरुत्व’ याचा अर्थच मुळी पाण्याच्या तुलनेत किती जड. १.७७ विशिष्ट गुरुत्वाचं रॉकेल पाण्यात दगडासारखं बुडालं असतं. पावतीवरचा शब्द एक सांगत होता, त्याच्यापुढचा आकडा दुसरंच, आणि दोन्ही शेजारी शेजारी छापलेले होते. ते दिसण्यासाठी इंजिनीअर व्हावं लागत नव्हतं, क्षणभर थांबावं लागत होतं.

पण थांबायचं कोणी? हाच या प्रकरणाचा गाभा. आधीच्या मोठ्या विमानांत कॉकपिटमध्ये तिसरा माणूस बसायचा, फ्लाइट इंजिनीअर. इंधनाचा हिशेब त्याच्या अखत्यारीत. ७६७ हे दोघांनी उडवायचं विमान. तिसऱ्याची कामं काही संगणकानं घेतली, काही दोघा वैमानिकांनी, आणि काही जमिनीवरच्या माणसांकडे गेली असं मानलं गेलं. आकडे कोरे असताना हातानं गुणाकार करायचा तर तो कोणी, हे कोणाच्याच डोक्यात पक्कं नव्हतं. जमिनीवरच्यांना किलोत हिशेब करायचं शिक्षण दिलेलं नव्हतं, वैमानिकांनाही नव्हतं. सगळ्यांनी मिळून तो केला. असं सगळ्यांनी मिळून केलेलं काम निस्तरायला पुन्हा कोणीच नसतो.

ओटावाला थोडा थांबा होता. पिअर्सन यांनी तिथे पुन्हा टाक्या मोजायला लावल्या. निष्काळजी माणूस हे करत नाही. पण मोजल्यावर लिटरला गुणायला तोच १.७७ घेतला, आणि उत्तर साहजिकच जुळलं. त्याला फेरतपासणी म्हणता येणार नाही. आधीचंच अक्षर पुन्हा गिरवलं गेलं. त्याआधी विमानाच्या संगणकाला इंधन किती ते हातानं सांगावं लागलं होतं. तिथे टाइप झालं २२,३००. संगणक बिचारा त्यातून खर्च वजा करत बसला आणि सगळं ठीक असल्याचं सांगत राहिला.

मेट्रिकचं म्हणाल तर आपल्याकडेही वजन-मापांचा कायदा १९५६ चा, आणि नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. तरी सोनं तोळ्यात, जमीन गुंठ्यात, माणसाची उंची फुटांत चालूच आहे, आणि त्यानं कोणाचं बिघडत नाही, कारण बोलताना आपण एकक तोंडानं उच्चारतो. विमानवाहतुकीत तर आजही खिचडीच आहे: उंची फुटांत, वेग नॉटमध्ये, अंतर नॉटिकल मैलांत, धावपट्टीची लांबी मीटरमध्ये. मुंबईच्या विमानतळावरही असंच. तेव्हा दोन पद्धती एकत्र नांदल्या म्हणून अपघात होतो, हे मला पटत नाही. नुसता १.७७ लिहिला, त्याच्यापुढची जागा रिकामी ठेवली, तिथे घात झाला.

एकास बारा

संध्याकाळचे आठ वाजून गेले होते. जुलैत त्या भागात नऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे उजेड होता. ओंटारियोमधल्या रेड लेकच्या वर असताना कॉकपिटमध्ये इशारा वाजला: डाव्या बाजूच्या एका पंपाचा दाब कमी. संगणक तर भरपूर इंधन दाखवतोय, म्हणजे पंप बिघडला असणार. दुसरा इशारा आला तेव्हा पिअर्सन यांनी विनिपेगकडे वळायचं ठरवलं. थोड्या वेळानं डावं इंजिन बंद पडलं. एका इंजिनावर उतरायची तयारी सुरू असतानाच एक लांबलचक ‘बाँग’ असा आवाज झाला. सिम्युलेटरमध्ये तो दोघांनीही कधी ऐकला नव्हता. सगळी इंजिनं गेली, असा त्याचा अर्थ. कॉकपिटमधले नवे कोरे टीव्हीसारखे पडदे विझले, कारण त्यांची वीज इंजिनांवरच्या जनित्रातून येत होती.

उरलं ते जुन्या पद्धतीचं: चुंबकीय होकायंत्र, वेग, उंची, आणि विमान वाकडं की सरळ ते दाखवणारं एक उपकरण. उंची किती वेगानं कमी होतेय हे सांगणारा काटासुद्धा गेला. विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा बाहेर पडला आणि वाऱ्यानं फिरू लागला. सुकाणूंना लागणारा हायड्रॉलिक दाब आता फक्त त्याच्या जिवावर. दोघांनी आणीबाणीच्या पुस्तकात ‘दोन्ही इंजिनं बंद’ हे पान शोधलं. असं पानच नव्हतं.

पिअर्सन सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवायचे. ग्लायडर शिकणाऱ्या कोणालाही, मग तो पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये शिको की कॅनडात, एक गोष्ट लवकर अंगवळणी पडते: इंजिन नसलेल्या विमानाला सगळ्यात लांब नेणारा एकच वेग असतो. त्याहून हळू गेलात तरी नुकसान, जोरात गेलात तरी नुकसान. घाबरून नाक वर उचललं तर विमान लांब जाईल असं वाटतं, होतं उलटं. ७६७ साठी हा वेग कुठेच लिहिलेला नव्हता. पिअर्सन यांनी अंदाजानं २२० नॉट धरला.

आता को-पायलट मॉरिस क्विंटाल यांचं गणित. अंतर विनिपेगच्या रडारवाल्यांकडून मिळत होतं, उंची समोरच्या साध्या काट्यावर दिसत होती. १० नॉटिकल मैल जाण्यात विमान ५,००० फूट खाली आलं. १० नॉटिकल मैल म्हणजे जवळपास ६१,००० फूट. भागाकार सरळ आहे: एक फूट उंची देऊन बारा फूट अंतर मिळतंय. उरलेली उंची गुणिले बारा, एवढीच काय ती पोच. विनिपेग त्या रेषेच्या पलीकडे राहत होतं.

वैमानिकांच्या तोंडचा ‘ग्लाइड’ हा असा असतो, हंसाशी त्याचं फारसं नातं नाही. आणि त्याच धंद्यात या शब्दाचा अगदी उलटा वापरही आहे. मोठ्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाला रेडिओच्या किरणानं एक तिरकी वाट दाखवलेली असते, तिला ‘ग्लाइड स्लोप’ म्हणतात. ती साधारण ३ अंशांची, म्हणजे एकास एकोणीस. विमानं ती वाट इंजिनं चालू ठेवून उतरतात. एकास बारानं खाली येणाऱ्या त्या संध्याकाळच्या ७६७ ला तो उतार धरताच आला नसता. नावात ग्लाइड असलेल्या वाटेवर खरोखर ग्लाइड करणाऱ्याला जागा नाही, हा इंग्रजीचा खास विनोद.

गिमली

विनिपेग जमत नाही म्हटल्यावर क्विंटाल यांनी गिमली सुचवलं. विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावरचं हे गाव एकोणिसाव्या शतकात आइसलँडहून आलेल्या लोकांनी वसवलं. तिथे कॅनडाच्या हवाई दलाचा तळ होता आणि क्विंटाल कधीकाळी तिथे नोकरीला होते. तळ १९७१ मध्ये बंद झाला, हे एक. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी एकीवर पुढे मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या, हे क्विंटाल यांना माहीत नव्हतं. आणि नेमक्या त्या दिवशी तिथे एका कार क्लबचा कौटुंबिक मेळावा भरला होता: गाड्या, तंबू, बायका-मुलं.

चाकं खाली सोडायला हायड्रॉलिक दाब पुरेना, म्हणून ती नुसत्या वजनानं खाली पडू दिली. मागची चाकं पक्की बसली. नाकाखालचं चाक उतरलं, पण लॉक झालं नाही.

धावपट्टी समोर आली तेव्हा कळलं की विमान फार उंच आहे. इतका वेळ जी उंची जपली, ती आता नको होती. इंजिन असतं तर एक फेरी मारून परत आले असते. इथे फेरी मारली असती तर उंची धावपट्टीपर्यंतही पुरली नसती. पिअर्सन यांनी ग्लायडरवाल्यांची आणि छोट्या विमानवाल्यांची एक जुनी करामत वापरली. पंख एका बाजूला झुकवायचे आणि शेपटीचं सुकाणू उलट्या बाजूला दाबायचं. मग विमान नाकासमोर जात नाही. अंगावर वारा घेत, तिरपं होऊन खाली येतं. हवेचा अडथळा वाढतो, वेग न वाढता उंची झपाट्यानं जाते. इंग्रजीत त्याला ‘स्लिप’ करणं म्हणतात. ग्लाइड आणि स्लिप, दोन्हींना आपण मराठीत पटकन ‘घसरणं’ म्हणून मोकळे होऊ. पण वैमानिकाला एकात उंची वाचवायची असते, दुसऱ्यात ती मुद्दाम उधळायची असते. प्रवासी जेट विमानात हा प्रकार कोणी करत नाही. त्यात वेग कमी होत गेला तसा पोटाखालचा पंखाही मंदावला आणि सुकाणू जड होत गेली. एका बाजूच्या खिडक्यांत नुसती जमीन, दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांत नुसतं आकाश.

जमीन अगदी जवळ आल्यावर त्यांनी विमान सरळ केलं आणि धावपट्टीच्या सुरुवातीलाच टेकवलं. उतरताना वेग कमी ठेवायला पंखांमागून बाहेर काढतात ते फ्लॅप चालत नव्हते, त्यामुळे वेग नेहमीपेक्षा जास्त. पिअर्सन यांनी ब्रेकवर पाय रोवला, दोन टायर फुटले. नाकाखालचं चाक दुमडलं आणि नाक डांबर खरवडत निघालं. धावपट्टीच्या मधोमध शर्यतीसाठी लोखंडी कठडा घातला होता, त्यालाही विमान घासत गेलं. या घासाघाशीनंच ते माणसांच्या अलीकडे थांबलं. चाक लॉक झालं असतं तर कदाचित इतक्या लवकर थांबलं नसतं. धावपट्टीवर दोन पोरं सायकली फिरवत होती. इंजिनाचा आवाज नसल्यानं मागून विमान येतंय हे कोणालाच आधी कळलं नव्हतं.

नाकापाशी थोडी आग लागली, ती शर्यतवाल्यांनी आपल्या हातातल्या सिलिंडरनं विझवली. नाक खाली आणि शेपूट वर, त्यामुळे मागच्या दारांच्या घसरगुंड्या जवळजवळ उभ्या झाल्या होत्या. दहाएक जणांना किरकोळ लागलं ते बहुतेक उतरताना.

ठपका

कंपनीनं आपली चौकशी लवकर आटोपली. पिअर्सन यांची सहा महिन्यांसाठी पदावनती, क्विंटाल यांना दोन आठवडे निलंबन, देखभालीतल्या तिघांनाही निलंबन. नंतर सरकारनं न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवुड यांचा आयोग नेमला. त्यांचा अहवाल १९८५ मध्ये आला आणि तो बराच वेगळा निघाला. मुख्य ठपका कंपनीच्या कार्यपद्धतीवर: आकडे बंद असताना इंधनाचा हिशेब कोणी करायचा हे स्पष्ट नाही, किलोत हिशेब करायचं शिक्षण नाही, नियमपुस्तकं गोंधळाची, आणि बिघडलेल्या यंत्रणेचा सुटा भागच साठ्यात नाही. वैमानिकांच्या कसबाचं मात्र त्यात कौतुक आहे. त्याच वर्षी जागतिक हवाई क्रीडा महासंघानं दोघांना उत्कृष्ट वैमानिकीचं मानपत्र दिलं. इतर वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये हाच प्रसंग देऊन पाहिला, तेव्हा अनेकांचं विमान कोसळलं.

एकाच घटनेसाठी शिक्षा आणि सन्मान दोन्ही मिळाल्याचं काहींना विचित्र वाटतं. मला वाटत नाही. विमान ताब्यात घेण्याचा निर्णय वेगळा होता, ते उतरवण्याचं कसब वेगळं होतं. चूक झाली ती देखभालीतल्या तिघांच्या शिक्षेत. ब्रेकर दाबणारा विसरला हे खरं, पण गुणक कुठला लावायचा हे ज्याला कोणी शिकवलंच नाही, त्याला निलंबित करून पुढचा गुणाकार कसा सुधारणार?

अठरा वर्षांनी, २४ ऑगस्ट २००१ ला, एअर ट्रान्साटचं टोरंटोहून लिस्बनला निघालेलं एअरबस अटलांटिकवर इंधनाविना १९ मिनिटं ग्लाइड करत अझोरेस बेटांवर उतरलं. ३०६ माणसं वाचली. त्या कॅप्टनलाही ग्लायडर येत होतं. पण तिथे इंजिनापाशी गळती होती. इंधन आधी पुरेसं होतं, वाटेत सांडलं. १४३ नंबरच्या फ्लाइटमध्ये थेंबही सांडला नाही. जेवढं पावतीवर लिहिलं तेवढे लिटर टाकीत होते, मोजपट्टी खरी होती, तक्ता खरा होता, बेरीज-वजाबाकी खरी होती.

ते ७६७ जागीच डागडुजी करून दोन दिवसांत तिथून उडवून नेलं आणि पूर्ण दुरुस्तीनंतर जानेवारी २००८ पर्यंत प्रवासी सेवेत राहिलं.